पाच गुंठ्यांच्या आतली घरं: एका महापालिकेने हरित मानकं सक्तीची करायचं ठरवलं तेव्हा

पार्श्वभूमी

शहर दख्खनच्या पठारावरचं, महापालिका ड वर्गातली. ओळख पटू नये म्हणून नाव गाळलं आहे आणि काही तपशील बदलले आहेत. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि मार्च लागला की चौकाचौकात कूलरचं गवत विकायला येतं. नव्या घरांना हरित मानकं कशी लावायची हे ठरवणाऱ्या महापालिकेच्या समितीवर मी वास्तुविशारद म्हणून होतो. त्यामुळे हे लिखाण अगदी तटस्थ आहे असा माझा दावा नाही.

२०२१ साली आयुक्तांच्या मनात आलं, की शहरात यापुढे होणाऱ्या प्रत्येक नव्या घराला हरित बांधकामाचं मानक सक्तीचं करावं. वेळ तशी बरी होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली होती. कचेरीत तिला सगळे यूडीसीपीआरच म्हणतात. हरित इमारतीला जादा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या मानाने जास्त बांधकाम, द्यायची तरतूद तिच्यात आहे. ग्रिहा आणि आयजीबीसी ही हरित इमारतींची मानांकनं; ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर मिळालं तर मूळ एफएसआयच्या ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७. शिवाय केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ च्या डिसेंबरात निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली होती. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॉटच्या आत ठेवा, छताचा उष्णतावहनाचा आकडा १.२ च्या वर जाऊ देऊ नका, असं ती सांगते. आपल्या नुसत्या उघड्या स्लॅबचा आकडा तीनच्या वर असतो, म्हणजे मागणी किरकोळ नाही.

सगळं तयारच आहे, फक्त 'सक्तीचे' हा शब्द घालायचा, असं पहिल्या बैठकीत वाटलं. मलाही वाटलं.

अडचण

दुसऱ्या बैठकीआधी एका दुपारी मी नगररचना विभागात बांधकाम परवानग्यांची नोंदवही घेऊन बसलो. क्षेत्रफळाच्या रकान्यात एक गुंठा, दीड गुंठा, एक गुंठा, पुन्हा एक गुंठा. पाच गुंठ्यांवरचा भूखंड गाठायला बोट बरंच खाली न्यावं लागे.

पाच गुंठे म्हणजे जवळजवळ ५०० चौरस मीटर. २०१८ ची इको निवास संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी होती. यूडीसीपीआरमधली पर्जन्यजल संचयाची सक्तीही ५०० पासूनच सुरू होते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, आणि १५० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड तर नियमावलीत 'कमी जोखीम' गटात मोडतो: परवानाधारकाने सही केलेला नकाशा द्यायचा, शुल्क भरायचं आणि मिळालेली पावती हीच परवानगी. हे सुलभीकरण चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. एका खोलीच्या परवानगीसाठी माणसाने वर्षभर खेटे घालावेत, यात कुणाचंच भलं नव्हतं. पण या शहरातली बहुसंख्य घरं ज्या भूखंडांवर उभी राहतात, तिथे हरित मानकाला शिरायला दारच नव्हतं. गवंडी लेबर रेटने काम घेतो, मालक सिमेंट-वाळू आणून टाकतो आणि नकाशा बहुधा घर झाल्यावर कपाटातून निघतो.

दुसरी अडचण त्याहून लाजिरवाणी. जे आधीच सक्तीचं आहे, त्याचं काय झालं ते पाहू, म्हणून मी आणि एक कनिष्ठ अभियंता भोगवटा प्रमाणपत्र (बांधलेल्या इमारतीत राहायला जाण्याची परवानगी) मिळालेल्या काही सोसायट्यांत गेलो. ६४ सदनिकांच्या एका इमारतीत छतावरून आलेला चार इंची पाइप जमिनीपाशी नीट वळवलेला होता, पुढे जाळी होती आणि त्यापुढे पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारा पुनर्भरणाचा खड्डा असायला हवा होता. त्या जागी गुळगुळीत सिमेंट, वर तुळशीवृंदावन. सेक्रेटरी काका प्रामाणिक होते. म्हणाले, "पहिल्याच पावसात पाणी पार्किंगमध्ये आलं, मग बिल्डरच्याच माणसाने बुजवून दिलं." कचेरीत परत येऊन फाइल काढली तर खड्ड्याचा सुरेख फोटो, बाजूला विटांचा ढीग, ढिगावर निळी चप्पल. तोच ढीग आणि तीच चप्पल आणखी दोन फायलींत निघाली. तीन इमारती, एक खड्डा.

नियमावलीत यासाठी दंड आहे. संचय यंत्रणा केली नाही किंवा सांभाळली नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १००० रुपयांपर्यंत. ३००० चौरस मीटर बांधकाम असलेल्या सोसायटीला वर्षाचे ३०,००० होतात. तो शहरात कधी कुणाला लागल्याचं विभागात कुणाला आठवत नव्हतं.

पर्याय

पहिला पर्याय आयुक्तांचा मूळ विचार: प्रत्येक नव्या निवासी इमारतीला मानांकन सक्तीचं. याला बिल्डर संघटनेच्या प्रतिनिधींनी विरोध करावा हे ठरलेलंच होतं, पण खरा अडथळा नगररचनाच्या सहायक संचालकांनी दाखवला. विकास नियंत्रण नियमात बदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना, हरकती, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी लागते. महापालिकेच्या नुसत्या ठरावाने नियम होत नाही. "साहेब, ठराव आपण आज करू. उद्या कुणी हायकोर्टात गेला की परवाच्या आत तो उडतो," असं त्यांनी शांतपणे सांगितलं. एक गुंठ्याच्या घराला मानांकनाचं शुल्क, सल्लागार आणि ऊर्जेचं गणित परवडणार नाही, हे तर उघडच होतं.

दुसरा पर्याय सक्ती न करता प्रोत्साहन देण्याचा. जादा एफएसआय आहेच, जोडीला मालमत्ता करात सूट. पुण्यात सौर ऊर्जा, गांडूळ खत, पर्जन्यजल संचय यांपैकी एक केलं तर ५ टक्के आणि दोन केली तर १० टक्के सूट मिळते, तो दाखला सगळ्यांच्या तोंडी होता. पण एफएसआयचं आमिष जिथे जमीन महाग तिथेच चालतं. १००० चौरस मीटरचा भूखंड, मूळ एफएसआय १.१, त्याचे ५ टक्के म्हणजे ५५ चौरस मीटर, एक छोटा वन बीएचके. पुण्या-मुंबईत त्यासाठी लोक रांग लावतील. आमच्याकडे बिल्डर हाताशी असलेला, पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआयसुद्धा पुरता वापरत नव्हते, कारण चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट विकला जात नव्हता. संघटनेच्या एका प्रतिनिधीने हसत विचारलं, "सर, जेवण झालेल्या माणसाला तुम्ही वाढताय?"

तिसरा पर्याय इको निवास संहिता राज्याने लागू करेपर्यंत थांबण्याचा. हा कुणी बोलून दाखवला नाही. पण समितीच्या बैठका ज्या गतीने लांबत होत्या, त्यावरून तो अनेकांच्या मनात असावा.

चौथा मी मांडला. मानांकनाचा नाद सोडा आणि चारच गोष्टी घ्या, ज्या डोळ्यांनी दिसतात आणि घरात राहणाऱ्याला जाणवतात: छत पांढरं, खिडकीवर पुरेसा छज्जा, खोलीला समोरासमोर हवा आणि पावसाच्या पाण्याला जमिनीत जायला वाट. छत पहिलं, कारण मे महिन्यात आपल्या अक्षांशावर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. बैठ्या घरात सगळ्यात जास्त उष्णता वरून येते, आणि आपण मात्र भिंतीच्या विटेवर वाद घालतो. चुना, पांढरं सिमेंट आणि थोडं फेव्हिकॉल यांचे दोन हात देण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

निर्णय कुठे वळला

यादी मान्य झाली. तिची सक्ती कोणत्या जोरावर करायची, हा प्रश्न उरला. कमी जोखमीच्या गटात महापालिकेचा माणूस घर पाहायला जातच नाही. मग न पाहिलेल्या घराला नियम लावून उपयोग काय?

उत्तर गृहनिर्माण कक्षातल्या एका अभियंता मॅडमनी दिलं. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ज्या घटकात लाभार्थी स्वतःच्या जागेवर घर बांधतो, त्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख टप्प्याटप्प्याने मिळतो. प्रत्येक टप्प्याला जोतं, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई), स्लॅब असे जिओ टॅग केलेले फोटो लागतात. म्हणजे याच एक गुंठ्याच्या घरांवर महापालिकेचा माणूस तीन-चार वेळा उभा राहत होता. लिंटेलच्या फोटोत छज्जा दिसतो आणि स्लॅबच्या फोटोत छत.

मला ही युक्ती फार आवडली. मी लगेच म्हणालो, फोटोत छज्जा नाही तर पुढचा हप्ता नाही.

समितीत एक माजी नगरसेविका होत्या. आतापर्यंत त्या फारसं बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "पाच गुंठेवाल्याला एफएसआय वाढवून देणार आणि गुंठेवाल्याचा हप्ता अडवणार, असंच ना?" पुढे त्यांनी हप्ता रखडल्याने काय होतं ते सांगितलं. घर अर्धवट, माणसं भाड्याच्या खोलीत, गवंडी दुसऱ्या कामावर, सिमेंटच्या गोण्या पावसात. सहायक संचालकांनी भर घातली की योजनेचे हप्ते केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी बांधलेले आहेत, त्यात महापालिकेने स्वतःची अट घुसवली तर लेखापरीक्षणात उत्तर द्यावं लागेल. मी तेव्हा चिडलो होतो. सक्तीशिवाय कुणी काही करत नाही, असं माझं पक्कं मत होतं. आज मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. निम्मं तरी नक्कीच.

शेवटी ठरलं ते असं. पाच गुंठ्यांवरच्या इमारतींना नवी सक्ती काहीच नाही, जी आहे ती खरोखर पाळून घ्यायची. भोगवट्याआधी अभियंत्याने छतावर दोन बादल्या पाणी ओतायचं आणि ते खड्ड्यात उतरतं का हे स्वतः पाहायचं. फोटो चालणार नाही. मालमत्ता करातली सूट एकदा दिली की कायमची, असं न करता दर वर्षी पावसाळ्याआधी हीच बादली-चाचणी करायची. आवास योजनेच्या घरांना हप्ता न अडवता नमुना नकाशा फुकट द्यायचा, छज्जा आणि हवेची जागा अभियंत्याने जोत्याच्या भेटीतच गवंड्याला समजावायची, आणि छताचा चुना महापालिकेने द्यायचा. महापालिका स्वतः बांधत असलेल्या कर्मचारी वसाहतीला मात्र चारही गोष्टी सक्तीच्या. स्वतःच्या घरावर सक्ती करायला शासनाची मंजुरी लागत नाही.

आयुक्तांना हे फिकं वाटलं. 'राज्यात पहिलं' असं म्हणण्याजोगं त्यात काही नव्हतं.

प्रत्यक्ष काम

सुरुवात जुन्या कर्मचारी वसाहतीतून केली. वरच्या मजल्यावरची शेजारशेजारची दोन घरं घेतली. एकाच्या छताला चुन्याचे दोन हात दिले, दुसरं तसंच ठेवलं. एप्रिलमधल्या एका दुपारी चार वाजता समितीला तिथे नेलं. आयुक्त स्टुलावर चढले, पहिल्या घरात छताला खालून हात लावला, मग दुसऱ्या घरात. दुसऱ्या घरात हात लगेच खाली आला. आलेख-तक्ते दाखवून जे पटत नव्हतं ते तिथे पटलं. चुन्यासाठी निधी पुढच्या आठवड्यात मंजूर झाला.

घरोघरी मात्र नकाशावर नसलेले प्रश्न निघाले. एका लाभार्थ्याला मी समोरासमोर खिडकीचं महत्त्व सांगत होतो. जागा १५ फूट रुंद, ७० फूट लांब, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "साहेब, खिडकी कुणाच्या घरात काढू?" इको निवास संहितेत उष्ण-कोरड्या हवामानात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र घराच्या क्षेत्राच्या १० टक्के असावं असं म्हटलंय. त्याच्या पुढच्या-मागच्या दारांनी ते कदाचित भरलंही असतं. मधल्या खोलीत हवा तरीही आली नसती. नमुना नकाशात मग आम्ही मध्ये सहा फुटांचा उघडा चौक टाकला. जुन्या वाड्यांत जे होतं तेच, आकाराने लहान.

पश्चिमेच्या भिंतीला छज्जा काही कामाचा नाही, तिथे मावळतीचा सूर्य खालून येतो, हे गवंड्यांना एकदा सांगितलं तेवढ्यात कळलं. ते म्हणाले, तिकडे न्हाणीघर टाकू. आमच्या नकाशात हे नव्हतं. नंतर घातलं.

काय निष्पन्न झालं

छज्जे झाले. सगळीकडे नाहीत, पण जिथे अभियंता जोत्याच्या वेळी गेला तिथे बहुतेक झाले, आणि हप्ता अडवण्याची गरज पडली नाही. गवंड्याला एकदा सवय लागली की तो शेजारच्या, योजनेत नसलेल्या घरालाही तेवढाच छज्जा काढतो. हे मी धरलं नव्हतं.

पांढऱ्या छतांचं यश मजेशीर कारणाने आलं. उन्हाळ्यात बायका तिथे वाळवण घालू लागल्या. एका मावशींच्या गच्चीवर कुरडया आणि पापड पसरलेले होते. घर थंड झालं का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "ते झालं असेल, पण खाली साडी अंथरावी लागत नाही बघा." शेजारच्या दुमजली घरातून तक्रार आली की छताचा उजेड डोळ्यांवर येतो. तीही खरी होती. दुसऱ्या वर्षी चुना पावसाने उतरला आणि बहुतेकांनी तो पुन्हा लावला नाही. पुढेमागे वर मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळया उभ्या ठेवलेल्या, त्या गच्चीवर पैसे कोण घालणार?

चौक हरले. वर्षा-दोन वर्षांत मी पुन्हा गेलो तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्यावर पत्रा आला होता आणि खाली मुलाची अभ्यासाची खोली किंवा शिलाई मशीन. १०१ चौरस मीटरात सहा फूट आकाशासाठी सोडा, हे सांगणारा मी स्वतः फ्लॅटची बाल्कनी बंद करून बसलो आहे.

बादली-चाचणीचा पहिला हंगाम खरोखर चांगला गेला. एका नव्या इमारतीत ओतलेलं पाणी खड्ड्यात न जाता शेजाऱ्याच्या कंपाउंडच्या भिंतीतून बाहेर आलं, आणि भोगवटा दीड महिना थांबला. ही बातमी शहरभर पसरली. त्यानंतर काही महिने खड्डे खरे निघत होते. पुढे सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले, आमचे आयुक्त बदलून गेले आणि तो कनिष्ठ अभियंताही पाणीपुरवठ्याकडे गेला. अलीकडे मी एक फाइल पाहिली. चाचणीच्या जागी फोटो जोडलेला होता. बादलीचा.

कर्मचारी वसाहत मात्र ठरल्याप्रमाणे बांधली गेली. तिथली छतं दर उन्हाळ्याआधी रंगवली जातात, कारण ते काम देखभालीच्या वार्षिक निविदेत एक बाब म्हणून घातलं होतं. बाकी कुठल्याही गोष्टीला अशी निविदेतली ओळ नव्हती.

पुन्हा करायचं तर

आम्ही वर्षभर घरावर वाद घातला, आणि घराचं भवितव्य त्याआधीच ठरलेलं असतं. १५ बाय ७० ची पट्टी पाडताना ज्याने रेखांकन, म्हणजे जमिनीचे भूखंड पाडण्याचा नकाशा, मंजूर केलं, त्यानेच त्या घराची हवा बंद केली. भूखंड जरा रुंद, लांबी कमी, गल्ल्या पूर्व-पश्चिम म्हणजे घरांची तोंडं उत्तर-दक्षिण, एवढं जरी रेखांकनाच्या वेळी पाहिलं असतं तरी चौकाची गरज निम्मी झाली असती. रेखांकनाला परवानगी महापालिकाच देते आणि तिथे जमीनमालकाशी एकदाच बोलावं लागतं, शंभर घरमालकांशी नाही. हे समितीच्या पहिल्या बैठकीत सुचायला हवं होतं.

चाचणी करणारा आणि भोगवटा देणारा एकाच विभागातला ठेवला, तीही चूक. पाण्याची चाचणी पाणीपुरवठा विभागाकडे दिली असती तर त्यांना खड्ड्यात पाणी उतरण्यात काही स्वारस्य तरी असतं. आणि चुना फुकट देण्याऐवजी वॉर्ड कार्यालयात स्वस्तात विकला असता, तर ज्याला खरा हवा त्याने दुसऱ्या वर्षीही नेला असता. याबद्दल समितीत अजूनही एकमत नाही. माजी नगरसेविकांना हे पटत नाही. त्या म्हणतात, छत थंड ठेवणं हे गटार साफ ठेवण्यासारखंच महापालिकेचं काम आहे.

सक्ती करावी की नाही, या मूळ प्रश्नावर माझं मत बदललं आहे ते एवढंच: मोठ्या इमारतींवर करावी, तीही भोगवट्यानंतर दर वर्षी कुणीतरी जाऊन पाहू शकेल तेवढ्याच गोष्टींची. डिसेंबर २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १०० किलोवॉट किंवा त्यावर विजेचा जोडभार असलेल्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या, त्यामुळे तो रस्ता आता निदान आखलेला तरी आहे. गुंठ्याच्या घराला मात्र नियमापेक्षा गवंड्याशी बोलणारा अभियंता जास्त कामाचा, आणि अशा अभियंत्यांची पदं रिक्त आहेत.

रेखांकनासाठी भूखंडांची दिशा आणि रुंदी यांचा दीड पानी प्रस्ताव मी नंतर लिहून दिला. तो नगररचना विभागात अभिप्रायासाठी आहे.